बडोद्यातील एक बाल व कुटुंब समुपदेशन केंद्र : एका मामीचा अभिप्राय

बडोद्यात शिकवण्या, ॲबॅकस आणि स्केटिंगचे वर्ग यांविषयी अभिप्राय हवे तितके वाचायला मिळतात. परंतु घरातील मारहाण, व्यसन किंवा ताटातूट पाहिलेल्या मुलाला कोठे न्यावे, तेथे नेमके काय करतात आणि त्याचा उपयोग होतो का, याविषयी मराठीत लिहिलेले मला शोधूनही सापडले नाही. म्हणून आमच्या कुटुंबाने ज्या खासगी केंद्राची सेवा घेतली, तिच्याविषयी सविस्तर लिहीत आहे. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही. दांडिया बाजार आणि रावपुरा भागातील जुनी मराठी घरे एकमेकांना पिढ्यान् पिढ्या ओळखतात, आणि नाव दिले तर कोणाची मुले तेथे जातात हे चार दिवसांत सर्वांना कळेल. अशा कोणत्याही केंद्रात काय पाहावे, काय विचारावे आणि कोठे सावध राहावे, एवढे यातून समजले तरी पुरे आहे.

निष्कर्ष आधीच सांगते. सेवा चांगली आहे, महाग आहे आणि तिच्यातील कष्टाचा मोठा वाटा घरातील मोठ्या माणसांच्या अंगावर येतो. ‘मुलाला सोडून येतो, तासाभराने घेऊन जातो’ अशी कल्पना करून जाणाऱ्यांचा तेथे फार लवकर भ्रमनिरास होईल.

माझी नणंद दहा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा यांना घेऊन कायमची माहेरी आली. नवऱ्याचे मद्यपान आणि मारहाण हे कारण. त्याहून अधिक तपशिलाची येथे गरज नाही. घरात सासूबाई, माझे यजमान, आमची आठवीतील मुलगी आणि मी. भाचा शाळेत मुलांना मारत असे, रात्री दचकून उठत असे, पोळीचे तुकडे दप्तरात आणि उशीखाली लपवून ठेवत असे, आणि जिन्यावर पावले वाजली की हातातले काम टाकून दाराकडे पाहत राही. भाचीविषयी मात्र कोणाचीच तक्रार नव्हती. ती स्वतःचे कपडे घडी करून ठेवी, भावाला भरवी, आईने गोळी घेतली का हे आठवणीने विचारी, आणि शाळेतील बाईंनी तर ‘असे शहाणे मूल वर्गात असावे’ असे वहीत लिहून दिले होते. साहजिकच आम्ही केंद्रात गेलो ते भाच्यासाठी.

पहिल्या भेटीला फक्त मोठ्यांना बोलावले, ही पद्धत मला अतिशय आवडली. मुलाच्या देखत त्याचे ‘प्रताप’ सांगण्याची जी सवय आपल्याकडे डॉक्टरांपासून नातेवाइकांपर्यंत सर्वत्र आहे, तिला तेथे वावच नव्हता. दीड तास चाललेल्या त्या भेटीत गरोदरपणातील प्रकृती, जन्म, झोप, खाणे, आजारपणे, कोणाजवळ झोपतो, लागले तर कोणाकडे धावतो, कशात रमतो, अशी बारीक चौकशी झाली. ऐकू येते का आणि रक्तात लोह पुरेसे आहे का, हे बालरोगतज्ज्ञांकडून आधी तपासून घ्यायला सांगितले, कारण या दोन्ही गोष्टींच्या कमतरतेमुळेही मूल वर्गात बेलक्ष किंवा चिडखोर दिसू शकते. मुले काय बोलतील ते गोपनीय राहील, परंतु लैंगिक शोषणाची माहिती पुढे आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे, हेही त्यांनी त्याच दिवशी सांगितले. ज्या केंद्रात ही गोष्ट पहिल्या भेटीत सांगत नाहीत, तेथे ती आपण होऊन विचारावी.

आता प्रश्नावलीविषयी. प्रतीक्षाकक्षात नणंदेच्या हाती एक छापील कागद देण्यात आला. त्यावर दहा प्रश्न होते: शारीरिक, मानसिक आणि लैंगिक अत्याचार, शारीरिक आणि भावनिक हेळसांड, आईला झालेली मारहाण, घरातील व्यसन, घरातील मानसिक आजार, आईवडिलांचे विभक्त होणे, आणि घरातील कोणी तुरुंगात जाणे. असे प्रश्न शेजारी अनोळखी माणसे बसलेली असताना, गुडघ्यावर कागद ठेवून सोडवायला देणे मला गैर वाटले, आणि तसे मी सांगितलेही. पुढच्या खेपेपासून कागद आतल्या खोलीत देऊ लागले, तरी स्वागतकक्षातील कर्मचाऱ्यांना याचे भान असायला हवे होते.

प्रश्नावलीचा उगम मात्र जाणून घेण्याजोगा आहे. अमेरिकेतील सॅन डिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी लठ्ठपणावरील उपचार केंद्र चालवत होते, आणि वजन उत्तम रीतीने घटत असलेले रुग्णच उपचार सोडून का जातात, हे कोडे त्यांना पडले होते. रुग्णांशी बोलताना बालपणीच्या अत्याचारांच्या हकिकती एकामागून एक पुढे आल्या. पुढे रॉबर्ट अँडा यांच्यासह, अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था आणि कैसर पर्मनेंटे ही आरोग्यसेवा संस्था यांच्या सहकार्याने, १९९५ ते १९९७ या काळात १७ हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी झाली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या शोधनिबंधात अनुभवांचे सात प्रकार होते, नंतर ते दहा झाले. त्या निबंधात अर्ध्याहून अधिक लोकांनी किमान एक प्रकार अनुभवल्याचे सांगितले होते, आणि ज्यांच्या वाट्याला चार किंवा अधिक प्रकार आले होते त्यांच्यात मद्यासक्ती, अमली पदार्थांचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पटींनी अधिक आढळला. पाहणीत सहभागी झालेले बहुतेक लोक विमा असलेले मध्यमवर्गीय होते, म्हणजे ‘असले प्रकार वस्तीतल्या घरांत होतात’ ही समजूत तेथेच निकालात निघाली. आपल्याकडे केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १३ राज्यांतील अभ्यासातही दर तीन मुलांपैकी दोन मुलांना शारीरिक छळ सोसावा लागल्याचे दिसले होते.

प्रत्येक होकाराला एक गुण, असे नणंदेने मुलांचे गुण मोजले आणि आकडा पाहून ती रडू लागली. मानसशास्त्रज्ञ बाईंनी कागद हातातून काढून घेतला आणि हा आकडा लोकसंख्येच्या अभ्यासासाठी आहे, एका मुलाचे भविष्य सांगण्यासाठी नाही, असे स्पष्ट केले. एकदाच पाहिलेले भांडण आणि रोजची मारहाण या दोहोंना त्यात एकच गुण मिळतो. अनुभव कोणत्या वयात आला आणि त्या वेळी जवळ कोण होते, हेही त्यात धरलेले नाही. पुढे मला वाचनात आढळले, की खुद्द अँडा यांनीच २०२० मध्ये एकेका व्यक्तीची छाननी करण्यासाठी हा गुणांक वापरण्याविरुद्ध इशारा दिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत सोबत्यांकडून होणारा छळ, वस्तीतील हिंसा आणि दंगल किंवा युद्ध यांचाही समावेश आहे. दंगलीचे आणि संचारबंदीचे दिवस पाहिलेल्या बडोद्यात खरे तर तीच अधिक लागू पडावी. आकडा भविष्य सांगत नसेल, तर तो पालकांकडून पहिल्याच दिवशी काढून का घ्यावा, या माझ्या प्रश्नाला मला समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

मुलांच्या शरीरात आणि मेंदूत काय घडते, हे समजावून सांगण्याची त्या बाईंची हातोटी विलक्षण होती. धोका दिसला की शरीर ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल सोडते, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताणले जातात. धोका टळला आणि कोणी जवळ घेतले की हे सारे खाली उतरते. असा थोडा ताण मुलांना अपायकारक नसतो. परंतु धोका रोजचा असेल आणि जवळ घेणारे माणूसच घाबरलेले असेल, तर ही यंत्रणा उतरायचे विसरते. मेंदूतील धोका ओळखणारा अमिग्डला हा भाग अतिदक्ष होतो, आठवणी आणि शिकणे सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसवर परिणाम होतो, आणि थांबून विचार करायला लावणारा कपाळामागील भाग, जो तसाही पंचविशीपर्यंत घडत असतो, त्याला काम करण्याची उसंत मिळत नाही. अशा मुलाला ‘लक्ष दे’ म्हणून सांगणे निरर्थक असते, कारण त्याचे लक्ष पूर्णपणे लागलेलेच असते. ते फळ्याऐवजी दाराकडे असते एवढेच. सासूबाई हे सारे गुजरातीतून ऐकत होत्या. त्या मराठीत म्हणाल्या, ‘‘ज्या घरात दूध रोज उतू गेलंय, त्या घरातली बाई गॅसपासून हलायची नाही.’’ बाईंनी त्याचा अर्थ विचारून घेतला आणि पुढे भाच्याच्या बाबतीत त्या तेच उदाहरण वापरू लागल्या.

शाळेने भाच्याच्या बाबतीत ‘हायपर’ हा शब्द वापरला होता आणि औषध सुरू करावे असे सुचवले होते. केंद्राने घाई केली नाही. सतत सावध असणे आणि अतिचंचलता ही दोन्ही वरवर सारखीच दिसतात, आणि काही मुलांमध्ये दोन्ही एकत्रही असू शकतात. म्हणून घर स्थिर झाल्यावर काही महिने पाहून मगच ठरवू, असे त्यांनी सांगितले. औषधाला सरसकट विरोध नाही आणि सरसकट होकारही नाही, ही भूमिका मला विश्वासार्ह वाटली.

तथापि या केंद्राची खरी पारख झाली ती भाचीच्या बाबतीत. आम्ही तिला केवळ भावाच्या सोबतीला नेत होतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी बाईंनी आम्हांला बोलावून सांगितले, की मुलगा निदान ओरडून मदत मागतो आहे; मुलीने मागणेच सोडले आहे. ती कधीच चिडत नाही, कधीच हट्ट करत नाही, कोणती आइस्क्रीम हवी असे विचारले तर ‘तुम्हांला चालेल ती’ म्हणते, हे सारे आम्ही संस्कार म्हणून मिरवत होतो. घरात भांडण पेटणार याची चाहूल आईच्या आधी तिला लागायची, मग ती भावाला घेऊन न्हाणीघरात जायची आणि नळ सोडून ठेवायची, म्हणजे त्याला आवाज ऐकू जाऊ नये. दहा वर्षांच्या मुलीने आईची आई व्हायचे, ही जबाबदारी तिने कोणी न सांगता पत्करली होती. आपल्याकडील मोठ्या मुलीचे कौतुक बहुतेक वेळा याच गोष्टींसाठी होत असते, ही माझी स्वतःची जोड. केंद्राने असे म्हटलेले नाही.

तिच्यासाठी त्यांनी आघातकेंद्रित बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे आघातानंतरचे विचार आणि वागणे यांवर काम करणारी उपचारपद्धती, सुचवली. ही पद्धत जुडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो आणि एस्थर डेब्लिंगर यांनी अमेरिकेत विकसित केली असून ती साधारणतः १२ ते १६ सत्रांची असते आणि पालकाचा सहभाग हा तिचा आवश्यक भाग आहे. आधी श्वास आणि शरीर शांत करण्याचे सराव, मग भावना ओळखणे, आणि बऱ्याच पुढे गेल्यावर घडलेली हकिकत मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिणे किंवा काढणे, असा तिचा क्रम असतो. पहिल्याच दिवशी ‘काय झाले ते सांग’ म्हणून कोणी मुलाला खोदून विचारत असेल, तर ते केंद्र सोडून द्यावे, असे मी आता सांगू शकते. भाच्यासाठी खेळ होता: बाहुल्या, वाळूचे तबक, मोटारी, रंग. बाहेरून पाहणाऱ्याला ‘एवढे पैसे घेऊन नुसते खेळवतात’ असे वाटेल, आणि माझ्या यजमानांना तसे वाटलेही. परंतु वाळूत तो दर वेळी घराला चारी बाजूंनी भिंत घालत असे आणि कालांतराने त्या भिंतीला दार आले, हे त्यांना दाखवण्यात आले तेव्हा त्यांची कुरकुर कमी झाली.

घरी करायच्या गोष्टी अगदी साध्या सांगितल्या होत्या आणि त्याच सर्वांत कठीण गेल्या. जेवणाच्या आणि झोपण्याच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. कोण कधी घरी येणार हे मुलांना आधी सांगावे. झोपण्याच्या खोलीत मंद दिवा असावा. पोळीचा डबा भाच्याला हवा तेव्हा उघडता यावा, लपवलेला तुकडा सापडला तर त्यावर बोलू नये. डबा खालच्या फळीवर ठेवल्यावर लपवणे हळूहळू बंद झाले. आवाजाचा नियम मात्र घरात खळबळ उडवून गेला. माझे यजमान मनाने प्रेमळ आहेत, परंतु फोनवर कामगारांशी बोलताना त्यांचा आवाज चढतो, आणि तो चढला की भाचा टेबलाखाली जातो आणि नणंद, चाळिशीच्या घरात असूनही, हातातले भांडे धरून जागच्या जागी उभी राहते. एका सत्रात बाईंनी नणंद आणि माझे यजमान या दोघा भावंडांना त्यांच्या लहानपणाविषयी विचारले. माझे सासरे शिस्तीचे म्हणून प्रसिद्ध होते, आणि त्या शिस्तीत पट्ट्याला मोठे स्थान होते. एक भावंड मोठा आवाज करायला शिकले आणि दुसरे गोठून जायला, हे दोघांनी एकमेकांसमोर पहिल्यांदाच मोकळेपणाने मान्य केले. सासूबाई त्या दिवशी घरी येऊन बराच वेळ बोलल्या नाहीत. ‘मेलेल्या माणसाविषयी परक्यांपुढे कशाला बोलायचं,’ एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर ते अगदीच चुकीचे नव्हते. केंद्राने त्यांच्यासाठी वेगळा वेळ दिला. त्यांना कोणी दोषी धरले नाही, आणि त्या काळी त्यांना स्वतःला कोणाचा आधार होता, हे विचारले. तो प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नसावा.

आमच्या मुलीकडे मात्र केंद्राचे लक्ष उशिरा गेले. आपली खोली, आपले टेबल आणि आपल्या आईचा वेळ वाटून द्यावा लागलेल्या आठवीतल्या मुलीला राग येणे स्वाभाविक होते, आणि ‘त्यांनी किती सोसलंय बघ’ असे सर्वांनी म्हटल्यावर तो राग व्यक्त करण्याची सोयही उरली नव्हती. कुटुंबासह काम करणाऱ्या केंद्राने आश्रय देणाऱ्या घरातील मुलांचा विचार पहिल्या आठवड्यापासून करायला हवा. मी लक्ष वेधल्यावर तिच्यासाठी सत्र ठेवले गेले आणि आठवड्यातून एक संध्याकाळ फक्त तिची आणि माझी, असा नियम ठरला.

एका बाबतीत केंद्राने दाखवलेली दूरदृष्टी उल्लेखनीय आहे. डिसेंबरमध्येच बाईंनी उत्तरायणाचा विषय काढला. बडोद्यात १४ जानेवारीला गच्चीगच्चीवरून ‘काप्यो छे’चा, म्हणजे दुसऱ्याचा पतंग कापल्याचा, जो गजर होतो, तो आपल्याला आनंदाचा वाटतो; परंतु ज्या मुलाच्या लेखी मोठ्याने ओरडणे म्हणजे मारहाणीची सुरुवात, त्याला त्या दिवशी काय वाटेल याचा विचार आमच्या कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. आवाज कशाचे असतील हे त्याला आधीच सांगून ठेवले, आदल्या आठवड्यात त्याला स्वतःला गच्चीवर नेऊन ओरडायला लावले, आणि कधीही खाली जाता येईल असे ठरवले. तो सकाळी खाली बसला, दुपारी फिरकी धरायला वर आला.

पालकांसाठी दर महिन्याला एक संध्याकाळ असते. तिचा दर्जा समान नाही. एका पाहुण्या वक्त्यांनी इंग्रजी पडद्यांवर मेंदूची चित्रे दाखवून ‘पहिली तीन वर्षे गेली की संधी गेली’ अशा थाटाचे भाषण केले आणि मागच्या रांगेतील एका आजीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. त्यांनी आधार घेतला तो रुमानियातील बुखारेस्ट येथील अभ्यासाचा. २००० साली सुरू झालेल्या त्या प्रकल्पात अनाथालयांतील १३६ लहान मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून पालक-कुटुंबांत ठेवण्यात आले होते, आणि जी मुले दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेली त्यांची बुद्धी आणि जिव्हाळ्याची नाती अधिक चांगली सावरली, हे खरे आहे. परंतु उशिरा गेलेल्या मुलांनाही काहीच मिळाले नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय ती मुले पुरेशा मायेवाचून संस्थेत वाढलेली होती, आमच्या भाच्यासारखी आई आणि आजी असलेल्या घरात नव्हे. दुसऱ्या वेळी केंद्राच्या स्वतःच्या मानसशास्त्रज्ञांनी एमी वर्नर यांच्या अभ्यासाविषयी सांगितले, तेव्हा मनावरचा भार उतरला. हवाईतील कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा त्यांनी प्रौढपणापर्यंत मागोवा घेतला. ज्यांच्या वाट्याला गरिबी, कलह, आईवडिलांचे आजार असे अनेक धोके एकदम आले होते, त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम आणि मायाळू माणसे झाली; आणि किशोरवयात भरकटलेल्यांपैकीही बरीच मुले चाळिशीपर्यंत मार्गी लागली. सावरलेल्या मुलांच्या आयुष्यात आईवडील नसले तरी आजी, आजोबा, मावशी, शिक्षक असे कोणी तरी एक भरवशाचे माणूस होते. सासूबाईंनी हे मला घरी येऊन पुन्हा एकदा सांगायला लावले.

शाळेशी बोलण्याचे काम केंद्राने चोख केले. घरातील हकिकत न सांगता, भाच्याला दाराकडे पाठ येणार नाही अशा बाकावर बसवावे, अंगावर हात टाकण्यापूर्वी नावाने हाक मारावी, शिक्षा म्हणून वर्गाबाहेर एकटे उभे करू नये, अशा चार ओळींचे पत्र दिले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध आहेत, याची आठवण त्यात सौम्य शब्दांत होती. वर्गशिक्षिकेने ते मनावर घेतले. सक्तीचे प्राथमिक शिक्षण सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात लागू केले, त्या बडोद्यात शाळेने एवढे करावे ही अपेक्षा फार नसावी.

आता सर्वांत गंभीर तक्रार. भाच्याबरोबर काम करणारी प्रशिक्षणार्थी मुलगी मध्येच केंद्र सोडून गेली आणि तसे आम्हांला आदल्या दिवशी फोनवर कळवण्यात आले. तो तिला ‘दीदी’ म्हणत असे. ज्या मुलाच्या आयुष्यातून घर, शाळा आणि बाप एकदम निघून गेले आहेत, त्याच्या बाबतीत असा बदल निरोपाविना होणे हे केंद्राच्या स्वतःच्याच शिकवणीविरुद्ध होते. त्या रात्री उशीखाली पुन्हा पोळी सापडली. मी लेखी तक्रार केल्यावर त्या मुलीला एका शेवटच्या सत्रासाठी बोलावून घेण्यात आले, तिने त्याच्याबरोबर वाळूचे घर मांडले आणि ती का जात आहे हे त्याला समजेल अशा भाषेत सांगितले. दिलगिरी व्यक्त झाली, परंतु प्रशिक्षणार्थींकडे मुले सोपवताना त्या किती काळ राहणार आहेत हे पालकांना आधी सांगण्याचा नियम अद्याप झालेला नाही.

भाषेची अडचणही लहान नाही. कामकाज गुजराती आणि इंग्रजीत चालते. बाजारहाट गुजरातीत सहज करणाऱ्या नणंदेला आपली कहाणी सांगताना मात्र वाक्ये अपुरी पडत. मराठी समजणाऱ्या एक समुपदेशक तेथे आहेत, परंतु त्या फक्त गुरुवारी येतात आणि ही गोष्ट स्वागतकक्षात कोणी आपणहून सांगत नाही. पहिल्या भेटीचे १,५०० रुपये आणि पुढच्या प्रत्येक सत्राचे १,००० रुपये आम्ही दिले. दोन मुले आणि पालकांची स्वतंत्र सत्रे धरली तर मध्यमवर्गीय घराला हा खर्च जाणवतो. उत्पन्नानुसार सवलत आहे, तिचा अर्ज मागून घ्यावा लागतो. शनिवारच्या वेळा लवकर भरतात.

ज्यांना हा खर्च झेपणार नाही त्यांनी हात टेकू नयेत. सयाजी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आणि करेलीबागेतील सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय ही शहरातील सार्वजनिक ठिकाणे आहेत. तेथे गर्दीमुळे दीर्घ बोलणे कठीण जाते, परंतु निदान आणि औषधोपचार नाममात्र खर्चात होतात. टेली-मानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. मूल सध्याच मारहाणीत किंवा धोक्यात असेल तर समुपदेशनाची वेळ घेत बसू नये, १०९८ या बाल मदतवाहिनीवर ताबडतोब फोन करावा. मूल जेथे रोज मार खाते त्याच घरात ठेवून त्याची भीती घालवण्याचे सत्र घेण्यात अर्थ नाही, असे केंद्रातील बाईंनीही आम्हांला बजावले होते.

सध्या भाचीची नियमित सत्रे संपली आहेत आणि भाचा महिन्यातून एकदा जातो. ती आता भावाशी भांडते, आइस्क्रीममध्ये केसर-पिस्ताच हवी म्हणून अडून बसते, आणि नणंद त्यावर ओरडत नाही. त्याला रविवारी वडिलांचा फोन आला की त्यानंतरचे दोन दिवस अजूनही कठीण जातात. फोनची वेळ सकाळची करून पाहावी असे केंद्राने सुचवले आहे. जाणाऱ्यांनी मुलांच्या लसीकरणाची नोंद, शाळेची प्रगतिपुस्तके आणि आधीच्या तपासण्यांचे कागद बरोबर न्यावेत, पहिल्या भेटीला मुलांना घरी सांभाळायला कोणी तरी ठेवावे, आणि मराठीतून बोलायचे असेल तर फोनवरच गुरुवारची वेळ मागून घ्यावी.